खगोलभौतिकीची पदवी : आकाशाकडे जाणारी वाट गणितातून

२१ जानेवारी २०१४ रोजी सायंकाळी उत्तर लंडनमधील मिल हिल येथे, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या वेधशाळेत, पदवीचे चार विद्यार्थी आपल्या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली पस्तीस सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील कॅमेरा हाताळण्याचा सराव करीत होते. आकाश झपाट्याने ढगाळत होते. हाताशी असलेल्या थोड्या वेळात काहीतरी ठळक दिसावे म्हणून दुर्बीण एम-८२ या तेजस्वी दीर्घिकेकडे वळवण्यात आली. पडद्यावर उमटलेल्या प्रतिमेत दीर्घिकेच्या अंगावर एक तारा होता. जुन्या छायाचित्रांत मात्र तो कोठेच नव्हता. हा उपकरणाचा दोष तर नाही, अशी शंका घेऊन त्यांनी दुसऱ्या दुर्बिणीने त्याच जागेच्या प्रतिमा घेतल्या. तारा तेथेही होता. सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरील त्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. एसएन २०१४-जे या नावाने नोंदला गेलेला हा अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, आपल्यापासून अंतराने जवळ असलेल्या त्या प्रकारच्या स्फोटांत कित्येक दशकांतला महत्त्वाचा ठरला आणि पुढे जगभरातील मोठ्या दुर्बिणी त्यावर रोखल्या गेल्या.

अशी संधी पदवीच्या विद्यार्थ्याला क्वचितच लाभते. परंतु त्या संध्याकाळचा एक भाग अगदी नेहमीचा होता : दिसले त्यावर लगेच विश्वास न ठेवता दुसऱ्या उपकरणाने पडताळणी करणे. खगोलभौतिकीची पदवी प्रामुख्याने हेच शिकवते. ब्रिटनमधील अनेक मराठी घरांत सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आज हा विषय निवडण्याची इच्छा व्यक्त करीत आहेत आणि स्वतः अभियांत्रिकी, वैद्यक वा संगणकक्षेत्रात स्थिरावलेले त्यांचे आईवडील संभ्रमात आहेत. या पदवीत नेमके काय शिकवतात, तिला प्रवेश कसा मिळतो, खर्च किती आणि पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरे स्पष्ट झाली, तर घरातील चर्चा भीतीकडून माहितीकडे सरकू शकेल.

नावात काय आहे

मराठीत एकेकाळी ‘ज्योतिष’ हा शब्द आकाशाच्या गणितासाठीच वापरला जाई. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या एकोणिसाव्या शतकातील ग्रंथाच्या नावात तोच अर्थ आहे. ताऱ्यांची स्थाने आणि ग्रहांच्या गती मोजणे हे खगोलशास्त्राचे मूळ काम. तारे कशाचे बनले आहेत, ते का तळपतात आणि कसे विझतात, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात वर्णपटाच्या अभ्यासातून पुढे आला आणि त्यातून खगोलभौतिकी जन्मली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले भौतिकशास्त्राचे नियम जेथे हात पोचत नाही अशा वस्तूंना लावणे, ही तिची सर्वांत सोपी व्याख्या.

म्हणूनच या पदवीचे खरे स्वरूप ‘भौतिकशास्त्राची पदवी, त्यात आकाशाची उदाहरणे’ असे आहे. ब्रिटिश विद्यापीठांच्या यादीत ‘ॲस्ट्रोफिजिक्स’, ‘फिजिक्स विथ ॲस्ट्रोफिजिक्स’, ‘फिजिक्स अँड ॲस्ट्रॉनॉमी’ अशी निरनिराळी नावे आढळतात. पहिल्या दोन वर्षांत त्यांतील फरक बहुधा मोजक्याच विषयांचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षाअखेर एका नावाच्या अभ्यासक्रमातून दुसऱ्या नावाच्या अभ्यासक्रमात जाता येते. केंब्रिजमध्ये तर पहिल्या दिवसापासून खगोलभौतिकीला प्रवेशच मिळत नाही. विद्यार्थी ‘नॅचरल सायन्सेस’मध्ये दाखल होतो आणि तिसऱ्या वर्षी खगोलभौतिकी निवडू शकतो. ऑक्सफर्डमध्ये पदवी भौतिकशास्त्राचीच असते आणि खगोलभौतिकी हा तिच्या शेवटच्या टप्प्यातील एक विशेष विषय.

इतिहासही हेच सांगतो. डॉ. जयंत नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन १९५७ मध्ये केंब्रिजला आले ते गणित शिकायला. १९५९ मध्ये ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सर्वप्रथम, म्हणजे सीनियर रँग्लर आले आणि त्यानंतर फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली विश्वरचनेच्या संशोधनाकडे वळले. पल्सार ताऱ्यांचा शोध लावणाऱ्या जोसलिन बेल बर्नेल यांची १९६५ ची पदवी ग्लासगो विद्यापीठाची आणि भौतिकशास्त्राची. त्यामुळे आवडत्या विद्यापीठात ‘खगोलभौतिकी’ या नावाची पदवी नसेल, तर मुलाचे स्वप्न भंगले असे मानण्याचे कारण नाही. मजबूत भौतिकशास्त्र आणि शेवटच्या वर्षी खगोलभौतिकीचा प्रकल्प हा मार्गही त्याच ठिकाणी पोचतो.

एका ताऱ्यासाठी सगळे भौतिकशास्त्र

अनेक विद्यार्थी कृष्णविवरे आणि विश्वाचा आरंभ यांविषयीचे माहितीपट पाहून या विषयाकडे ओढले जातात. पहिल्या सहामाहीत मात्र त्यांच्यापुढे येतात ते अवकल समीकरणे, सदिश, यामिकी, तरंग, विद्युतचुंबकत्व आणि दर आठवड्याला सोडवून द्यायची गणिते. काहींचा येथेच हिरमोड होतो. हे सारे कशासाठी, हे समजले तर तो टाळता येतो आणि त्यासाठी सूर्यासारख्या एका साध्या ताऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे.

सूर्य स्वतःच्या वजनाखाली कोसळत का नाही? कारण आतील वायूचा दाब प्रत्येक थरावर वरच्या थराचा भार तोलून धरतो. हा तोल समीकरणात मांडायला पहिल्या वर्षाची यामिकी लागते. तो दाब टिकण्यासाठी केंद्रातील तापमान सुमारे दीड कोटी अंश असावे लागते, हे वायूंच्या नियमांवरून, म्हणजे ऊष्मागतिकीवरून काढता येते. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे, हे तेथे कोणीही न जाता कळते, कारण तप्त वस्तूचा प्रकाश कोणत्या रंगात किती असतो याचा नियम विद्यार्थी दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला असतो.

पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करतो आणि त्यातील सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. हायड्रोजनची केंद्रके धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. अभिजात भौतिकशास्त्राने हिशेब केला, तर दीड कोटी अंश तापमानही त्यांना एकत्र आणायला अपुरे पडते आणि सूर्य पेटूच नये असे उत्तर येते. सूर्य तर डोळ्यांसमोर तळपतो आहे. हा पेच सोडवते ती पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स. कणाला तरंगाचे गुणधर्म असल्याने जो अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नाही, त्याच्या पलीकडेही तो अत्यल्प संभाव्यतेने आढळू शकतो. सूर्यात कणांची संख्या इतकी प्रचंड आहे, की ती अत्यल्प संभाव्यताही पुरेशी ठरते. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी हे गणित स्वतः करतो आणि तोवर कोरडी वाटणारी पुंजयामिकी एकाएकी सूर्यप्रकाशाचे कारण होऊन समोर उभी राहते.

तारा संपताना काय होते, हे समजण्यासाठी सांख्यिकीय भौतिकी लागते. इंधन संपलेला सूर्यासारखा तारा आकुंचन पावून श्वेत बटू होतो आणि त्याला तोलून धरतो तो इलेक्ट्रॉनांचा पुंजयामिकीय दाब. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मद्रासमधील पदवी घेऊन मुंबईहून बोटीने इंग्लंडकडे निघाले. त्या प्रवासात त्यांनी या दाबाच्या हिशेबात विशिष्ट सापेक्षता आणली आणि श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे, असा निष्कर्ष काढला. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. ही मर्यादा ओलांडू पाहणाऱ्या ताऱ्याचे काय होते, या प्रश्नातूनच न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरे आणि मिल हिलच्या विद्यार्थ्यांना दिसला तसला अतिनवतारा यांचा अभ्यास सुरू होतो. त्यापुढच्या टप्प्यावर, तिसऱ्या वा चौथ्या वर्षी, आइन्स्टाइनची व्यापक सापेक्षता आणि विश्वरचनाशास्त्र यांचा प्रवेश होतो.

थोडक्यात, ज्या विषयांमुळे विद्यार्थी पदवीकडे आकर्षित होतो ते शेवटी येतात, आणि आधीचे प्रत्येक पाऊल त्यांच्यासाठी अटळ असते. ज्याला गणित केवळ ‘करावे लागते’ असे वाटते त्याला ही तीन-चार वर्षे जड जातील. ज्याला एखादे गणित अडले की ते सुटेपर्यंत चैन पडत नाही, त्याच्यासाठी मात्र दुसरी योग्य जागा शोधणे कठीण आहे.

दुर्बीण, संगणक आणि शंका

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशप्रेमींना एकत्र आणत आली आहे. तिच्यासारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाच्या रात्री अनुभवलेल्या पालकांना वाटते, की पदवीचा विद्यार्थी दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. प्रत्यक्षात डोळा लावण्याचे प्रसंग फार थोडे असतात. दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला असतो आणि खरे काम दुसऱ्या दिवशी संगणकावर सुरू होते. नक्षत्रांची नावे तोंडपाठ असण्याची गरज नसते. पायथन ही संगणकभाषा मात्र जवळजवळ सर्वत्र पहिल्याच वर्षी शिकवली जाते.

एक नमुनेदार प्रयोग पाहावा. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा गुरूएवढा ग्रह त्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश सुमारे एक टक्क्याने मंदावतो, कारण गुरूची त्रिज्या सूर्याच्या सुमारे एक दशांश आणि म्हणून त्याचे बिंब क्षेत्रफळाने एक शतांश असते. ही घट विद्यार्थ्यांच्या छोट्या दुर्बिणीनेही पकडता येते. परंतु ढगाचा पातळ पदर, क्षितिजाकडे झुकणारा तारा, कॅमेऱ्यातील असमान संवेदनशीलता आणि उष्णतेने निर्माण होणारा विद्युत्‌-गोंधळ यांपैकी प्रत्येक घटक एक टक्क्याहून मोठी फसवणूक करू शकतो. विद्यार्थी अंधारात झाकण लावून काही प्रतिमा घेतो, सारख्या उजळ पडद्याच्या काही घेतो, शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करतो आणि मगच आलेख काढतो. शेवटी त्याला उत्तराबरोबर त्यातील अनिश्चितता लिहावी लागते, आणि अनिश्चिततेशिवाय दिलेल्या उत्तराचे गुण कापले जातात.

उत्तराच्या खरेपणावर ठाम राहण्याचे धैर्यही येथेच घडते. सेसिलिया पेन ही इंग्लिश विद्यार्थिनी १९१९ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात आली, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरील एडिंग्टन यांच्या व्याख्यानाने भारावली आणि खगोलशास्त्राकडे वळली. केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. ती अमेरिकेत हार्वर्डला गेली. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेले आयनीभवनाचे समीकरण तिने ताऱ्यांच्या वर्णपटांना लावले आणि १९२५ च्या प्रबंधात तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवले. ज्येष्ठांच्या आक्षेपामुळे तिला आपलाच निष्कर्ष अविश्वसनीय म्हणून नोंदवावा लागला. काही वर्षांत तो खरा ठरला. कोलकात्याच्या शास्त्रज्ञाचे समीकरण आणि केंब्रिजमध्ये घडलेली विद्यार्थिनी यांतून आलेला हा निष्कर्ष आज पदवीच्या पाठ्यक्रमाचा सहज भाग आहे.

विद्यापीठ निवडताना प्रात्यक्षिकाची सोय पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. मँचेस्टर विद्यापीठाकडे जॉड्रेल बँक येथील १९५७ पासून कार्यरत असलेली ७६ मीटर व्यासाची लव्हेल रेडिओ-दुर्बीण आहे. सेंट अँड्र्यूजकडे जेम्स ग्रेगरी दुर्बीण आहे. हर्टफर्डशायर विद्यापीठाची बेफर्डबरी वेधशाळा अध्यापनासाठी वापरली जाते. एडिंबराचा खगोलशास्त्र विभाग ब्लॅकफर्ड टेकडीवरील रॉयल ऑब्झर्व्हेटरीत आहे. डरॅममध्ये विश्वाच्या संगणकीय प्रतिकृतींवर काम करणारी मोठी संस्था आहे. खुल्या दिवशी भेट देताना ‘दुर्बीण किती मोठी’ यापेक्षा ‘पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती ती वर्षातून किती वेळा येते’ हा प्रश्न विचारावा.

प्रवेशाची तयारी सोळाव्या वर्षी

इंग्लंडमध्ये हा निर्णय भारतातील बारावीपेक्षा लवकर घ्यावा लागतो. जीसीएसईनंतर ए-लेव्हलचे तीन वा चार विषय निवडतानाच तो अर्धा झालेला असतो. गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही ए-लेव्हल जवळजवळ सर्व विद्यापीठांत अनिवार्य असतात. ‘फर्दर मॅथ्स’ बहुतेक ठिकाणी सक्तीचा नसला तरी त्याचा मोठा उपयोग होतो, कारण पदवीच्या पहिल्या वर्षाचे बरेच गणित त्यात आधीच येऊन जाते. ज्या घरात वैद्यकाचा पर्याय खुला ठेवण्यासाठी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र घेण्याचा आग्रह धरला जातो, तेथे भौतिकशास्त्र वगळले गेले तर खगोलभौतिकीचे दार त्याच दिवशी बंद होते, हे लक्षात ठेवावे.

अर्ज यूकासमार्फत होतो आणि पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकाच वर्षी एकाकडेच अर्ज करता येतो. त्यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते आणि त्यांच्याकडे लेखी चाचणी व मुलाखत असते. इतर विद्यापीठांची मुख्य मुदत जानेवारीत असते. २०२६ च्या प्रवेशापासून वैयक्तिक निवेदनाची जागा तीन ठरावीक प्रश्नांनी घेतली आहे. ‘लहानपणापासून तारे आवडतात’ या वाक्याने तेथे फारसे काही साधत नाही. एखादे पुस्तक वाचून पडलेला प्रश्न, स्वतः लिहिलेला छोटा संगणक-कार्यक्रम किंवा एखाद्या खुल्या विदासंचावर केलेले काम अधिक बोलके ठरते.

स्कॉटलंडमध्ये बी.एस्सी. ऑनर्स चार वर्षांची आणि एकात्मिक पदव्युत्तर पदवी पाच वर्षांची असते. सुरुवातीच्या वर्षांत इतर विषयही घेता येत असल्याने ज्याचा कल पुरता ठरलेला नाही त्याला ही रचना सोयीची वाटते.

फी, व्हिसा आणि एक तारीख

परदेशस्थ भारतीय कुटुंबांसाठी सर्वांत नाजूक मुद्दा बहुधा अभ्यासाचा नसून फीच्या श्रेणीचा असतो. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी ‘होम’ विद्यार्थ्याची कमाल वार्षिक फी ९,५३५ पौंड होती आणि या फीसाठी सरकारी विद्यार्थी-कर्ज मिळू शकते. ‘ओव्हरसीज’ श्रेणीत हीच पदवी अनेक नामांकित विद्यापीठांत वर्षाला तीस हजार पौंडांच्या पुढे जाते आणि सरकारी कर्ज मिळत नाही. चार वर्षांच्या हिशेबात हा फरक एखाद्या घराच्या प्रारंभिक रकमेएवढा होतो.

मूल ब्रिटनमध्ये शाळा शिकले एवढ्याने ते ‘होम’ ठरत नाही. इंग्लंडमधील सर्वसाधारण नियमानुसार अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असावा लागतो आणि त्याआधीची तीन वर्षे त्याचे नियमित वास्तव्य ब्रिटनमध्ये असावे लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी तो दिवस १ सप्टेंबर धरला जातो. स्किल्ड वर्कर व्हिसावरील कुटुंबाला कायम वास्तव्याची परवानगी नोव्हेंबरमध्ये मिळाली, तर त्या सप्टेंबरात दाखल झालेला मुलगा किंवा मुलगी सहसा ‘ओव्हरसीज’च राहते, आणि अभ्यासक्रम सुरू झाल्यावर मिळालेल्या परवानगीने ही श्रेणी सहसा बदलत नाही. लहानपणापासून दीर्घकाळ येथे राहिलेल्या मुलांसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत. स्कॉटलंडचे नियम आणि तारखा स्वतंत्र आहेत.

मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने कायम वास्तव्यासाठीची सर्वसाधारण मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्याचा विचार मांडला. त्यामुळे हा हिशेब आणखी अवघड झाला आहे. मूल दहावीच्या वयात असतानाच कुटुंबाने आपल्या व्हिसाच्या तारखा आणि विद्यापीठप्रवेशाचे वर्ष एका कागदावर समोरासमोर मांडावे. काही महिन्यांचाच फरक पडत असेल, तर एक वर्ष थांबून प्रवेश घेणे हा पर्याय गंभीरपणे विचारात घेण्याजोगा आहे. प्रत्येक विद्यापीठात फीची श्रेणी ठरवणारा विभाग असतो. अर्जापूर्वी त्याच्याकडून लेखी उत्तर मिळवावे, ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबू नये.

तीन वर्षे की चार

बी.एस्सी. तीन वर्षांची, तर एम.फिज. किंवा एम.साय. ही एकात्मिक पदवी चार वर्षांची असते. चौथ्या वर्षाचा मोठा भाग संशोधन-प्रकल्पाला दिलेला असतो. पीएच.डी.चा विचार असणाऱ्याने चार वर्षांचाच अभ्यासक्रम धरावा, कारण संशोधनपदांसाठी तो अनुभव मोलाचा ठरतो. ‘होम’ विद्यार्थ्याला चौथ्या वर्षासाठीही पदवीचेच कर्ज लागू होते, स्वतंत्र एम.एस्सी.साठी मात्र वेगळी कर्जयोजना असते. दोन्हींत दुसऱ्या वर्षापर्यंत अदलाबदल बहुधा शक्य असते. अभ्यासक्रमाला इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सची मान्यता आहे का, हेही पाहून घ्यावे.

पीएच.डी.साठी ब्रिटनमध्ये सहसा फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळते. २०२५-२६ साठी संशोधन परिषदांचे किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होते. परंतु या जागा मोजक्या, स्पर्धा तीव्र आणि त्यापुढची वाट अधिकच अरुंद. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांच्या कराराच्या एकामागून एक नेमणुका, त्यांसाठी देश बदलणे आणि शेवटी कायम प्राध्यापकपद मिळेलच याची खात्री नसणे, हे या क्षेत्राचे वास्तव आहे. मुलांना ते लपवून ठेवणे योग्य नाही, आणि त्यावरून पदवीच निरुपयोगी ठरवणेही योग्य नाही.

कारण बहुसंख्य पदवीधर खगोलशास्त्रज्ञ होतच नाहीत. गोंगाटातून एक टक्क्याची घट शोधणारा विद्यार्थी विमा, वित्त, हवामान किंवा विदाविज्ञान या क्षेत्रांत सहज रुळतो. उपग्रह-उद्योगात स्टीव्हनेज, गिल्डफर्ड, हारवेल, लेस्टर अशी केंद्रे आहेत. राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या वैज्ञानिक प्रशिक्षण योजनेतून वैद्यकीय भौतिकीकडे जाता येते, जेथे किरणोपचाराची मात्रा ठरवण्याचे काम चालते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची शाळांत चणचण असल्याने शिक्षक-प्रशिक्षणासाठी भरघोस विद्यावेतन दिले जाते. एक सावधगिरी मात्र हवी : संरक्षणाशी निगडित अनेक नोकऱ्यांना सुरक्षा-मंजुरी लागते आणि तेथे ब्रिटिश नागरिकत्व नसणे अडसर ठरू शकते.

महाराष्ट्राकडे जाणारा धागा

हा विषय निवडणाऱ्या मराठी मुलाला मायभूमीशी नाते जोडण्याची संधीही मिळते, आणि ती केवळ भावनेची बाब नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ-दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची असून सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेली आहे. जगभरातील संशोधक प्रस्ताव पाठवून तिच्यावर वेळ मागतात. नारळीकरांनी पुण्यात उभारलेली आयुका पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही उन्हाळी कार्यक्रम चालवत आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या प्रकल्पाचे मुख्यालय मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँकेत आहे, तर त्यातील भारतीय सहभागाचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. चेशायरमधील विद्यार्थी आणि जुन्नर तालुक्यातील दुर्बीण यांच्यात आज खरोखरच एक कामाचा दुवा आहे.

घरी विचारायचे प्रश्न

‘यात पैसा आहे का’ हा पालकांचा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु निर्णयासाठी तो सर्वांत उपयोगी नाही. त्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. मुलाला गणिताचा कंटाळा येतो की गणित अडले की ते त्याच्या मागे लागते? संगणकावर तासन्‌तास एखादी चूक शोधण्याची तयारी आहे का? संशोधनात जागा न मिळाल्यास दुसऱ्या कोणत्या कामात हे कौशल्य वापरायला आवडेल? आणि कुटुंबाच्या व्हिसाची तारीख व १ सप्टेंबर यांचा मेळ बसतो का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर उरलेल्या दोहोंची उत्तरे बसून शोधता येतात. ती नसतील, तर आकाशावरचे प्रेम छंद म्हणून जपण्यात काहीही उणेपणा नाही. हौशी निरीक्षकांनीही या शास्त्राला मोलाची भर घातली आहे. कोणत्याही परिस्थितीत हा विषय ए-लेव्हलची निवड होण्यापूर्वी घरात मोकळेपणाने बोलला जावा. त्या निवडीचा अर्ज शाळेत गेल्यानंतर त्यात बदल करणे दर महिन्याला अधिक कठीण होत जाते.